भेटीची परवानगी : गाब्रिएले गास्ट प्रकरण

प्रेम आणि हेरगिरी एकत्र आली की वाचक एकच प्रश्न धरून बसतो. त्याचं तिच्यावर खरंच प्रेम होतं, की सगळं नाटक? गाब्रिएले गास्ट ही पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थेतली अधिकारी, पूर्व जर्मनीतल्या प्रियकरामुळे त्या देशासाठी हेरगिरी करू लागलेली. तिच्या प्रकरणाबद्दलही तिला अटक झाल्यापासून हाच प्रश्न विचारला जातोय. मला त्यात फारसं हाती लागत नाही. प्रकरणातले जाहीर झालेले तपशील नीट लावून पाहिले, की दुसराच प्रश्न वर येतो. ही दोघं कधी, कुठे आणि किती वेळ भेटणार, हे कोण ठरवत होतं? त्या दोघांपैकी कोणीच नाही. या प्रेमात पहिल्या वर्षापासून एक तिसरा हजर होता आणि भेटीची परवानगी त्याच्या हातात होती. सगळा धोका आणि सगळी ओढ तिथूनच निघते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे पश्चिम जर्मनी आणि साम्यवादी पूर्व जर्मनी असे दोन तुकडे झाले आणि १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन या लहानशा शहरात आली. मंत्रालयं उभी राहिली, त्यांना कर्मचारी हवे होते. टंकलेखन, फाइली, लघुलेखन या कामांसाठी दूरदूरच्या गावांतून तरुण बायका आल्या. त्यांच्या पिढीतले असंख्य पुरुष युद्धात गेले होते. ऑफिसात अतिशय गोपनीय कागद हाताळायचे आणि संध्याकाळी अनोळखी शहरातल्या एका खोलीत परतायचं, असं त्यांच्यातल्या अनेकींचं आयुष्य होतं.

हे पूर्व जर्मनीच्या राजधानीत, पूर्व बर्लिनमध्ये, एका माणसाने बरोबर हेरलं. मार्कुस वोल्फ हा पूर्व जर्मनीच्या परदेशी हेरखात्याचा, म्हणजे श्टाझी या गुप्त पोलीस खात्याच्या 'एचव्हीए' या शाखेचा, तीन दशकांहून अधिक काळ प्रमुख होता. पश्चिमेच्या गुप्तचरांकडे कितीतरी वर्षं त्याचा धड ओळखता येईल असा फोटोही नव्हता, म्हणून त्याला 'चेहरा नसलेला माणूस' म्हणत. वोल्फच्या खात्याने पुरुष हस्तक तयार केले आणि त्यांना एकट्या राहणाऱ्या, पण मोक्याच्या जागी काम करणाऱ्या बायकांच्या आयुष्यात पाठवलं. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना 'रोमिओ' म्हटलं.

आपल्या मनात हेरगिरीतल्या मोहाचं चित्र म्हणजे विषकन्या. 'मुद्राराक्षस'मध्ये चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्य पर्वतकाकडे वळवतो आणि एका रात्रीत काम तमाम होतं. वोल्फची पद्धत याच्या अगदी उलट होती. पाठवायचा तो पुरुष, आणि घाई अजिबात करायची नाही. माणूस मारून काहीच मिळत नाही. त्याला वर्षानुवर्षं जपायचं, त्याच्या वाढदिवसाला हजर राहायचं, आजारपणात विचारपूस करायची.

किती खोलवर जायची ही तयारी, याचा एक किस्सा खुद्द वोल्फनेच आपल्या आठवणींत सांगितला आहे. 'नाटो'च्या मुख्यालयात काम करणारी एक बाई कॅथलिक होती. गुप्त कागद दिल्याचं पाप तिला टोचायला लागलं आणि तिने प्रियकराकडे हट्ट धरला, की मला पाद्र्यासमोर कबुली द्यायची आहे. खात्याने आपल्यातलाच एक माणूस पाद्री बनवून उभा केला. त्याने तिची कबुली ऐकली आणि तिला पापमुक्त केलं. मला या सगळ्या इतिहासात याहून निर्दय गोष्ट माहीत नाही. शरीराची जवळीक मिळवली, इथवर समजू शकतं. पण जिथे माणूस देवाशी बोलायला जातो, ती जागासुद्धा यांनी सोडली नाही.

१९६८ : कार्ल-मार्क्स-श्टाट

गाब्रिएले गास्ट सेक्रेटरी नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 'भोळी बाई फसली' हा साचा तिला बसत नाही. १९४३ सालचा तिचा जन्म, पश्चिम जर्मनीतल्या रेमशाइडचा. घरचं वातावरण परंपरावादी. आखेनच्या विद्यापीठात ती राज्यशास्त्रात डॉक्टरेट करत होती आणि विषय होता पूर्व जर्मनीतल्या स्त्रियांचं राजकीय स्थान. म्हणजे प्रत्यक्ष पूर्वेत जाऊन माणसांशी बोलणं आलंच. १९६८ मध्ये ती कार्ल-मार्क्स-श्टाटला गेली. हे शहर आज पुन्हा आपल्या जुन्या केम्निट्झ या नावाने ओळखलं जातं.

तिथे तिला कार्ल-हाइन्झ भेटला. त्याने स्वतःची ओळख मेकॅनिक म्हणून करून दिली. धिप्पाड, साधा, हातांनी काम करणारा, मोकळं हसणारा माणूस. विद्यापीठात वाढलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला तो आवडला यात नवल नाही. त्याने सांगितलेलं आडनाव खोटं होतं आणि व्यवसायही खोटा. तो श्टाझीच्या जिल्हा कार्यालयाचा माणूस होता.

इथे एक गोष्ट सहज निसटते. त्या वेळी गास्टकडे द्यायला एकही गुप्त कागद नव्हता. ती विद्यार्थिनी होती. पुढे ती कुठे नोकरी करेल, हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, मग श्टाझीला कसं असणार? त्यांनी हुशार, अभ्यासू, पश्चिमेत वर चढू शकेल अशी मुलगी पाहिली आणि बी पेरून ठेवलं. पीक यायला पाच वर्षं लागली.

अट

प्रेम जमलं, भेटी सुरू झाल्या. मग काही काळाने कार्ल-हाइन्झबरोबर आणखी एक माणूस बसायला लागला. त्यांनी ते कोणत्या खात्यातले आहेत हे सांगितलं आणि अट पुढे ठेवली. तुम्हाला इथे यायचं असेल, याला भेटत राहायचं असेल, तर आमच्यासाठी काम करावं लागेल. नाहीतर देशात प्रवेशच मिळणार नाही.

माझ्या मते सगळं प्रकरण याच बैठकीत आहे. धमकी होती, पण कुणी बंदूक काढली नव्हती, खासगी फोटो दाखवून बदनामीची भीतीही घातली नव्हती. हनी ट्रॅपमध्ये माणूस लाजेपोटी किंवा भीतीपोटी मान तुकवतो. इथे भीती होती ती फक्त विरहाची. मध्ये तारांचं कुंपण, सैनिक, दोन राज्यं. व्हिसा मिळाला तर भेट, नाहीतर नाही. त्या सीमेने आधीच हजारो कुटुंबं तोडली होती. श्टाझीला नवीन हत्यार घडवावं लागलं नाही. असलेली भिंतच त्यांनी कामाला लावली आणि तिच्यातल्या एका छोट्या दाराची किल्ली आपल्याकडे ठेवली.

आणि गास्टने हो म्हटलं. या होकारात प्रेम किती आणि विचार किती, हे वेगळं काढता येत नाही. पूर्वेकडच्या समाजाबद्दल तिला खरं कुतूहल होतं, पुढे त्याचं रूपांतर सहानुभूतीत झालं. अटकेनंतर आणि स्वतःच्या आठवणींतही तिने ठामपणे मांडलं, की मला केवळ प्रेमात फसलेली बाई समजू नका, मला राजकीय विश्वास होता. तिचं हे म्हणणं मी मानतो. फक्त त्या विश्वासाला दर भेटीत खतपाणी घालणारा माणूस तिच्या प्रियकराच्याच कार्यालयातला होता, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवावं लागतं.

पुलाख

१९७३ मध्ये गास्टला नोकरी मिळाली ती थेट पश्चिम जर्मनीच्या परदेशी गुप्तचर संस्थेत, 'बीएनडी'मध्ये. म्युनिकजवळच्या पुलाख गावात, उंच भिंतीआड या संस्थेचं मुख्यालय होतं. तिथे कर्मचाऱ्यांनाही टोपणनावं असत. गास्ट कामावर वेगळ्या नावाने ओळखली जायची. पूर्व बर्लिनच्या कागदांत तिचं नाव होतं 'गिझेला'. कार्यालयात एक नाव, पूर्वेत दुसरं, घराच्या दारावर तिसरं.

तिचं काम सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपच्या राजकारणाचं विश्लेषण. ठिकठिकाणाहून आलेली माहिती वाचायची, गाळायची, अर्थ लावायचा आणि वरिष्ठांसाठी अहवाल लिहायचा. त्यातले अहवाल चान्सलरच्या कार्यालयापर्यंत जात. एखाद्या देशाच्या हेरखात्याला शत्रूची रणगाड्यांची यादी मिळाली तर आनंद होतो. पण शत्रू आपल्याबद्दल काय समजतो, त्याला आपल्यातलं काय माहीत आहे आणि कुठे तो चुकतोय, हे कळणं त्याहून कितीतरी मोलाचं. गास्ट नेमकं हेच पुरवत होती. बायकांना वरच्या जागा क्वचितच देणाऱ्या त्या संस्थेत ती चढत गेली आणि १९८७ मध्ये सोव्हिएत गटाच्या विभागाची उपप्रमुख झाली. तिची गुणवत्ता खरी होती. दोन्ही संस्थांना ती हवी होती ती त्याच गुणवत्तेसाठी.

आता त्या काळातलं तिचं खासगी आयुष्य डोळ्यांपुढे आणा. पुलाखमधल्या सहकाऱ्यांना दिसायची ती एक अविवाहित, अबोल, कामसू अधिकारी. प्रियकर नाही, नवरा नाही, कुठे बभ्रा नाही. गुप्तचर संस्थेच्या दृष्टीने निर्धोक. खरं म्हणजे तिच्या आयुष्यात एक पुरुष होता, पण त्याचा फोटो टेबलावर ठेवता येत नव्हता, त्याचं पत्र दारावरच्या पेटीत येऊ शकत नव्हतं, आजारी पडली तर त्याला फोन करता येत नव्हता. पुलाखची नोकरी लागल्यावर उघडपणे पूर्वेकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. वर्षातून मोजक्या भेटी, त्या दुसऱ्यांनी आखलेल्या, दुसऱ्यांनी राखलेल्या ठिकाणी. प्रवास चोरून, परतीची वेळ ठरलेली, आणि गप्पांचा एक भाग प्रेमाचा तर दुसरा कामाचा.

रोमँटिक थ्रिलर लिहिणाऱ्यांनी मला वाटतं इथे थांबून पाहावं. अशा कादंबऱ्यांत तापलेले प्रसंग बहुधा पाठलागानंतर येतात: गोळीबार झाला, दोघं धापा टाकत एका खोलीत शिरली, दार लागलं. गास्टच्या गोष्टीतली आच वेगळ्या ठिकाणी आहे. महिनोन् महिने स्पर्श नाही. मग दोन-तीन दिवस मिळतात आणि त्यांतला प्रत्येक तास कुणीतरी मोजून दिलेला असतो. असं जगणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घामाचा वासही लक्षात राहतो. त्यांच्यात किराण्याच्या यादीवरून भांडण होत नाही, सकाळच्या घाईत चिडचिड होत नाही, रोजच्या सहवासाने येणारा कंटाळा येत नाही. देहाची ओढ जुनी व्हायला जी सवय लागते ती सवयच लागू दिली जात नाही. संस्थेने हे ठरवून केलं की परिस्थितीने आपोआप झालं, हे सांगणं कठीण आहे, पण त्याचा फायदा मात्र संस्थेला मिळाला. तिच्याकडून मायक्रोफिल्म पोचत राहिल्या.

दाराबाहेर कुणीतरी बसलंय हे दोघांनाही माहीत असणं, यातला ताण लेखकाला हवा तेवढा ताणता येतो. प्रियकराकडे भेटीनंतर लिहायचा अहवाल असतो. ती झोपेत काय बोलली, रडली का, तिचा विश्वास डळमळतोय का. तिला हे समजतं का? समजत असेल तर ती त्याच्या मिठीत असताना मनातलं किती राखून ठेवते? दोघंही एकमेकांवर प्रेम करत असतील आणि तरीही दोघांनाही ते सिद्ध करायची मुभा नसेल, अशी ही जागा आहे. पाठलागाच्या दहा प्रसंगांत मिळणार नाही इतकं भय या एका खोलीत आहे.

वोल्फला हे नातं नुसत्या कार्ल-हाइन्झवर टिकणार नाही हे समजलं होतं. तो स्वतः गास्टला अनेकदा भेटला. एवढ्या मोठ्या खात्याच्या प्रमुखाने एका हस्तकासाठी वेळ काढावा हे नेहमीचं नव्हतं. तिच्या विश्लेषणाचं कौतुक, तिच्याशी बरोबरीने चर्चा, तू आमच्यातलीच आहेस ही भावना, हे सगळं त्या भेटींत मिळायचं. पुलाखमध्ये तिच्या बुद्धीचा वापर होत होता; पूर्व बर्लिनमध्ये तिच्या बुद्धीला दाद मिळत होती. प्रियकराच्या प्रेमाला वय होतं, पण या दादेची भूक वाढतच गेली असावी असा माझा अंदाज आहे.

याच वर्षांत तिने एक अपंग मुलगा दत्तक घेतला. हेरगिरीच्या तर्काने पाहिलं तर ही घोडचूकच. ज्याला कुठल्याही क्षणी पळावं लागेल त्याने आपल्यावर अवलंबून असलेलं मूल घरात आणू नये. पण म्हणूनच मला तिच्या सगळ्या आयुष्यातला हा निर्णय सर्वांत जास्त तिचा स्वतःचा वाटतो. तो ना पुलाखने सुचवलेला होता, ना पूर्व बर्लिनने.

दुसरं एक घर, बॉनमधलं

तुलनेसाठी लेओनोरे झ्युटरलिन हिचं उदाहरण घ्यायला हवं. ती बॉनच्या परराष्ट्र मंत्रालयात सेक्रेटरी होती. १९६० मध्ये तिने हाइन्झ झ्युटरलिन या फोटोग्राफरशी लग्न केलं. तो केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तचर संस्थेचा, हस्तक होता. ती ऑफिसातून कागद घरी आणायची, तो त्यांचे फोटो काढायचा. १९६७ मध्ये केजीबीचाच एक अधिकारी पश्चिमेला फितूर झाला आणि जोडपं पकडलं गेलं. नवऱ्याने आपल्याशी लग्न केलं ते नेमून दिलेलं काम म्हणून, हे तिला तुरुंगात कळलं. तिने कोठडीतच गळफास घेतला.

लेओनोरेला तिसरा माणूस कधी दिसलाच नव्हता. तिच्यासाठी ते लग्न होतं, संसार होता, आणि एका दिवसात तो सगळाच्या सगळा खोटा ठरला. गास्टला तिसरा माणूस हेरगिरी सुरू होण्याआधीपासून माहीत होता. त्याच्यासोबत ती टेबलावर बसली होती. म्हणून उघडं पडल्यावर गास्ट कोसळली नाही, लढली. पण म्हणूनच न्यायालयात तिला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोयही उरली नाही.

उलगडा

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. ज्या दाराच्या किल्लीवर सगळं उभं होतं त्या दाराभोवतीची भिंतच गेली. पुढच्या काही महिन्यांत एचव्हीएला स्वतःचे कागद स्वतः नष्ट करायची मुभा मिळाली आणि हस्तकांना दिलासा दिला गेला, की तुमचं नाव कुठेही उरलेलं नाही.

कागदावर नाव उरलं नव्हतं, पण माणसांच्या डोक्यात होतं. खात्यातल्याच एका अधिकाऱ्याने पश्चिमेच्या तपासयंत्रणेला माहिती दिली. त्याला गास्टचं नाव माहीत नव्हतं. पुलाखमध्ये वरच्या जागेवर एक बाई आहे आणि तिने अपंग मूल दत्तक घेतलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं. तेवढं पुरेसं होतं. सतरा वर्षं सगळ्या कसोट्या पार केलेली बाई सापडली ती तिच्या आयुष्यातल्या एकमेव सरळ, हेतूविरहित कृतीमुळे. सप्टेंबर १९९० च्या अखेरीस, दोन जर्मनी एक व्हायला मोजके दिवस उरले असताना, आपल्या संपर्क अधिकाऱ्यांना भेटायला निघालेल्या गास्टला ऑस्ट्रियाच्या सीमेवर अटक झाली.

डिसेंबर १९९१ मध्ये तिला ६ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा झाली. तिला घडवणाऱ्या माणसांना, कार्ल-हाइन्झसह, सौम्य आणि निलंबित शिक्षेवर सोडण्यात आलं. गास्ट १९९४ मध्ये सुटली.

वोल्फलाही १९९३ मध्ये ६ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली होती, पण ती टिकली नाही. मे १९९५ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, की पूर्व जर्मनीच्या ज्या नागरिकांनी आपल्याच देशात बसून आपल्या राज्यासाठी हेरगिरी केली, त्यांच्यावर त्यासाठी खटला चालवता येणार नाही. त्यामागचं तत्त्व समजण्यासारखं आहे: आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे, आपल्या सरकारचं काम केलेल्या माणसाला दुसऱ्या देशाने नंतर गुन्हेगार कसं ठरवायचं? पण पश्चिम जर्मनीच्या नागरिकांना हा निकाल लागू नव्हता. एकाच टेबलाभोवती बसलेल्या लोकांपैकी ज्याने अट घातली तो आणि ज्याच्या नावाने अट घातली तो तुरुंगाबाहेरच राहिले. अट मान्य करून सीमा ओलांडणारी मात्र तुरुंगात गेली, कारण तिचा पासपोर्ट पश्चिमेचा होता.

तुरुंगातून सुटली तेव्हा गास्ट पन्नाशी ओलांडलेली होती. सरकारी नोकरीचे मार्ग बंद, ज्या देशासाठी हे केलं तो देश नकाशावर नाही. १९९९ मध्ये तिने आपली बाजू पुस्तकात मांडली आणि नंतरही जाहीरपणे बोलत राहिली. त्याच्या प्रेमाबद्दल लोक तिला विचारत राहिले. ती बहुतेक वेळा विषय आपल्या कामाकडे, आपल्या अहवालांकडे, आपल्या विचारांकडे वळवायची.